मृगातला तेजोमेघ आणि पुण्यातली हिरवी रेषा

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांनी विज्ञानाचे छोटेसे प्रदर्शन मांडले होते. गुरुजींनी आग्रह धरला म्हणून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे मी काढलेले एक छायाचित्र मोठे करून तिथे टांगले. गुलाबी पाकळ्या, मधोमध पांढरट हिरवा उजेड, कडेला निळसर धूर. मुले हरखली, बायांनी मोबाइलवर फोटो घेतले. आमच्या वस्तीवरचे आबा मात्र चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “खरं सांग, ह्यो रंग तू भरला का?”

आबा पंचाहत्तरी ओलांडलेले. हातात घड्याळ नव्हते त्या काळात रात्रीच्या पाण्याची पाळी ते मृगावर ओळखायचे. पौषात मृग कुठे आला की बारे बदलायचे, हे त्यांना पाठ. साठ वर्षे ज्याने ते नक्षत्र पाहिले त्याला तिथे गुलाबी काही नसते हे पक्के ठाऊक होते. मी म्हणालो, “नाही आबा, रंग तिथलाच आहे.” ते काही बोलले नाहीत. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. कारण चित्र उठून दिसावे म्हणून संगणकावर रंगाची पट्टी मी चांगलीच पुढे ओढली होती. शिवाय रंग तिथलाच आहे हे मी कशाच्या आधारावर म्हणालो, याचे धड उत्तर माझ्याकडे नव्हते. हा लेख त्या उत्तराच्या शोधाचा आहे. शोध पारनेर तालुक्यातल्या माझ्या अंगणात सुरू झाला आणि वाटेत १८९१ सालच्या पुण्यात जाऊन आला.

माझा धंदा मोटारी भरण्याचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांची तांब्याची गुंडाळी काढून नवी भरून द्यायची. शिक्षण बारावीपर्यंत. खगोलशास्त्र पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि चुका करत शिकलो. त्यामुळे पुढे काही ठिकाणी दुकानातली भाषा आली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मृग नक्षत्र बहुतेकांना ओळखता येते. चार कोपऱ्यांत चार ठळक तारे, पोटात एका रेषेत तीन तारे, म्हणजे व्याधाने मारलेला बाण, आणि थोड्या अंतरावर लखलखणारा व्याध. त्या बाणाच्या दक्षिणेला फिकट तारकांची एक छोटी ओळ लोंबलेली दिसते. तिच्यातली मधली तारका नीट पाहिली तर टिंबासारखी न दिसता फुंकर मारल्यासारखी पसरट दिसते. तोच हा तेजोमेघ. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. आज आपण पाहतो तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. आकाशात तो पूर्णचंद्राच्या दुपटीहून मोठी जागा व्यापतो, पण इतका फिका की डोळ्याला फक्त त्याचा गाभा जाणवतो.

माझ्या सहा इंची दुर्बिणीतून तो सुंदर दिसतो, पण राखाडी. पंख पसरलेल्या वटवाघळासारखा राखाडी धूर आणि मध्ये चार ताऱ्यांचा चिमुकला चौकोन. क्वचित, हवा स्वच्छ असताना, गाभ्यात हिरवट छटा असल्यासारखे वाटते. वाटते, असेच म्हणायला हवे. मोठ्या दुर्बिणीतून ही हिरवट छटा अनेकांना स्पष्ट दिसते. गुलाबी मात्र जवळपास कोणालाच दिसत नाही.

याचे कारण डोळ्याच्या बांधणीत आहे. आपल्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशींना रंग कळतो, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुक उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. अंधारात गाय तांबडी की काळी हे सांगता येत नाही ते यामुळेच. शिवाय दंडपेशींना हिरवट निळ्या प्रकाशाची जाण सर्वांत जास्त आणि गडद तांबड्याची जवळजवळ शून्य. म्हणजे तेजोमेघातला तांबडा प्रकाश रात्रीच्या डोळ्याला पोचतच नाही आणि हिरवा पोचतो तो राखाडी होऊन. आणखी एक उणीव म्हणजे डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही. सेकंदाच्या अंशापुरता तो प्रकाश गोळा करतो आणि पुन्हा रिकामा होतो. तासभर टक लावून पाहिले तरी पहिल्या क्षणापेक्षा फारसे जास्त दिसत नाही.

कॅमेऱ्याला साठवता येते. सगळी गंमत तिथे आहे, आणि सगळा त्रासही.

पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे पंधरा विकला सरकते. एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यांतला एक म्हणजे विकला. माझ्या दुर्बिणीचे नाभीय अंतर ७५० मिलिमीटर. कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रकाश टिपणाऱ्या ज्या बारीक चौकटी असतात, त्यांतल्या एकीत आकाशाची साधारण एक विकला मावते. म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर एका सेकंदात तारा चौदा-पंधरा चौकटी ओलांडून जातो आणि टिंबाची रेघ होते. म्हणून दुर्बीण अशा बैठकीवर बसवतात की जिचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर असेल. त्या आसाभोवती मोटारीने २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा होईल इतक्या संथ गतीने दुर्बीण फिरवली की तारा जागच्या जागी राहतो.

इथे आपल्या भागाची एक अडचण सांगतो, कारण ती परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. बैठकीचा आस ध्रुवाकडे रोखायचा असतो आणि ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतका वर दिसतो. लंडनला तो ५१ अंशांवर असतो. नगरला अवघ्या १९ अंशांवर, क्षितिजालगतच्या धुरळ्यात, बाभळींच्या शेंड्यांत. बैठक इतकी खाली झुकवावी लागते की तोल सांभाळणाऱ्या वजनाची दांडी तिपाईच्या पायाला जाऊन अडते. मी शेवटी तिपाई सोडली आणि अंगणात काँक्रीटचा खांब ओतून घेतला. त्यावरूनही घरात बोलणी खाल्ली, पण खांबावर आता दिवसा वाळवणाची पाटी ठेवता येते, त्यामुळे प्रकरण मिटले.

ध्रुवतारा नेमका ध्रुवबिंदूवर नसतो, सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला असतो. तेवढी दुरुस्ती करूनही दोष राहतातच. बैठकीतला मळसूत्री गिअर कितीही चांगला कापलेला असो, त्याच्या प्रत्येक फेऱ्यात दुर्बीण किंचित पुढे-मागे डुलते. मोटारी भरणाऱ्याला याचे नवल वाटत नाही. फिरणारी कुठलीही वस्तू थोडी तरी लंगडतेच. उपाय असा की मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा बसवायचा. तो एकाच ताऱ्यावर नजर ठेवतो आणि तारा हलला की मोटारीला टोचणी देतो.

एवढे जमले की मग अर्ध्या अर्ध्या मिनिटाची छायाचित्रे घेत बसायचे. एकच मोठे छायाचित्र का नाही? कारण आकाश पूर्ण काळे नसते, त्याचाही उजेड साठत जातो. मध्येच वारा येतो, कुत्रे तिपाईला घासते (तेव्हा खांब नव्हता), उपग्रह आडवा जातो. तुकडे असले की बिघडलेला तुकडा टाकून देता येतो. मी साधारण १२० तुकडे घेतो. संगणक ते एकावर एक रचून त्यांची सरासरी काढतो. प्रत्येक तुकड्यात जी कणीदार खळखळ असते ती दर वेळी वेगळ्या जागी असते, तेजोमेघ मात्र जागा सोडत नाही. त्यामुळे सरासरीत खळखळ मावळते आणि मेघ उरतो. ही सुधारणा तुकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने होते: १०० तुकड्यांनी दहापट, ४०० तुकड्यांनी वीसपट. म्हणजे चौपट जागरण करावे तेव्हा दुप्पट फळ.

याशिवाय कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करावे लागतात. तोंडाला झाकण लावून तेवढ्याच वेळाची काही छायाचित्रे घ्यायची. त्यांत फक्त संवेदकाच्या उष्णतेचे ठिपके येतात, ते वजा करायचे. मग पहाटे उजाडताना दुर्बिणीच्या तोंडावर धुतलेल्या धोतराचा दुपदरी तुकडा ताणून सपाट उजेडाची छायाचित्रे घ्यायची. त्यांतून धुळीचे डाग आणि कोपऱ्यांतला अंधार कळतो. बाजारातल्या कॅमेऱ्याच्या संवेदकापुढे गडद तांबडा प्रकाश अडवणारी एक काच असते, ती काढली तर तेजोमेघाचा तांबडा भाग कितीतरी जास्त उमटतो. पहिल्या जुन्या कॅमेऱ्याची काच काढताना त्याची एक चपटी वायर माझ्याकडून तुटली आणि कॅमेरा कायमचा गेला. दुसऱ्याच्या वेळी हात शिकलेला होता.

परसातून हा मेघ टिपण्याचा खटाटोप नवा नाही. त्याचे पहिले छायाचित्र ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर या अमेरिकी डॉक्टरने आपल्या खासगी वेधशाळेतून घेतले, सुमारे ५१ मिनिटे काच उघडी ठेवून. ३० जानेवारी १८८३ रोजी अँड्र्यू कॉमन या इंग्रज गृहस्थाने लंडनजवळच्या ईलिंगमधल्या आपल्या बागेतून ३६ इंची आरशाने ३७ मिनिटांत ते इतके उत्तम घेतले की डोळ्याला त्याच दुर्बिणीतून न दिसणारे तारे त्यात उमटले. कॉमन पेशाने सांडपाण्याचा अभियंता. मला हा माणूस फार आवडतो. पण त्या काळच्या काचांवरच्या लेपाला तांबडे दिसत नसे. निळा-जांभळा प्रकाशच त्यावर उमटायचा, आणि चित्र काळे-पांढरे. म्हणजे ड्रेपरचा मेघ वेगळा, डोळ्याचा वेगळा, माझ्या कॅमेऱ्याचा तिसराच. मग खरा कुठला?

या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रात मिळत नाही, वर्णपटात मिळते. प्रकाश लोलकातून नेला की त्याचे रंग सुटे होतात. तापलेल्या घन किंवा दाट वस्तूचा प्रकाश सलग इंद्रधनुष्य देतो. विरळ तापलेला वायू मात्र काही ठरावीक रंगांच्याच सुट्या रेषा देतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका लहानशा तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला. तोपर्यंत अनेकांचा समज असा होता की पुरेशी मोठी दुर्बीण मिळाली की सगळे तेजोमेघ अखेर ताऱ्यांचे थवेच ठरतील. हगिन्सना सलग पट्टा दिसला नाही. मोजक्या सुट्या रेषा दिसल्या आणि त्यांतली सर्वांत ठळक हिरवी. म्हणजे हा वायू होता. मृगाच्या मेघातही तीच हिरवी रेषा सापडली. पण पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. तेव्हा पुढे तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले.

अशी कल्पना तेव्हा वेडगळ नव्हती. १८६८ साली नॉर्मन लॉकियर यांना सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली होती, तिच्यावरून हेलियम कल्पिले गेले आणि १८९५ साली ते पृथ्वीवर खरोखर सापडले. (जाता जाता: हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असे आपल्याकडे आवडीने सांगतात. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि ती रेषा त्यांनी तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गाला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ त्या वेळचे.)

हिरव्या रेषेबद्दल लॉकियरांचे मत मात्र वेगळे होते. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, असा त्यांचा सिद्धान्त होता. उल्कांमधले मॅग्नेशियम जळताना जो हिरवट पट्टा देते, त्याची उरलेली कड म्हणजे ही रेषा, असे ते म्हणत. वर्णपटात असा पट्टा एका बाजूला धारदार आणि दुसऱ्या बाजूला विरत गेलेला दिसतो, चुना ओला असताना बोट फिरवावे तसा. हगिन्स यांना हे मान्य नव्हते. लॉकियर म्हणजे ‘नेचर’ नियतकालिकाचे संस्थापक संपादक, मोठे वजनदार प्रस्थ. वाद चांगलाच पेटला. निकाल लावायचा तर प्रश्न साधा होता: रेषा दोन्ही बाजूंनी सारखी धारदार आहे, की एका अंगाने विरते आहे?

रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक पत्रिकेचे जुने अंक आता संगणकावर कोणालाही वाचता येतात. आबांच्या प्रश्नानंतर मी ते चाळू लागलो आणि १८९१ च्या अंकात मृगातल्या मेघाच्या मुख्य रेषेवर पुण्याहून गेलेले टिपण दिसले. खाली नाव होते कावसजी दादाभाई नायगामवाला. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. मोटारीचे सुटे भाग आणायला मी वर्षानुवर्षे पुण्याला जातो आणि ज्या कॉलेजवरून एसटी जाते त्या आवारात हे काम झाले होते.

नायगामवाला १८५७ साली जन्मलेले पारशी गृहस्थ, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले, प्राध्यापक. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी आणि सरकारची भर यांतून १८८८ च्या सुमारास कॉलेजच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कारखान्याची तिथली २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. ती मृगातल्या मेघावर रोखून, वर्णपट शक्य तितका पसरवून नायगामवालांनी हिरवी रेषा तपासली. त्यांचा निष्कर्ष असा की रेषा धारदार आहे. कुठल्याही बाजूला विरत नाही. लॉकियरांच्या मताला तो प्रतिकूल होता. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी त्याच सुमारास रेषेचे स्थान अधिक अचूक मोजले आणि तेही मॅग्नेशियमशी जुळले नाही. निकालाचे मोठे श्रेय कीलर यांचेच, हे सांगायला हवे. पण पारतंत्र्यातल्या पुण्यात बसून एका प्राध्यापकाने लंडनच्या अधिकारी पुरुषाविरुद्ध आपल्या डोळ्यांचा कौल लिहून पाठवला, ही गोष्ट मला थोडकी वाटत नाही. पुणे आणि मृग म्हटले की आपल्याला लोकमान्य टिळकांचा १८९३ चा ‘ओरायन’ आठवतो, आणि आठवावाही. त्याच नक्षत्राकडे त्याच गावातून, दोनच वर्षे आधी, दुसरा एक माणूस अगदी वेगळ्या कामासाठी पाहत होता, हे मात्र आपल्या वाङ्मयात कुठे फारसे येत नाही.

१८९८ च्या त्याच ग्रहणासाठी नायगामवाला आपला संच घेऊन जेऊरला गेले. नगरकरांनी फसू नये: हे जेऊर आपल्या नगर तालुक्यातले नव्हे, करमाळ्याजवळचे, रेल्वेवरचे. लिक वेधशाळेची मंडळीही तिथेच उतरली होती. पुढे १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद करण्यात आली. दुर्बीण आणि इतर साहित्य कोडाईकॅनलला गेले. अनेक दशकांनी लेहला नव्या वेधशाळेसाठी जागा पारखताना ती दुर्बीण पुन्हा कामाला आली. पुण्यात मागे काही उरले नाही. एका माणसाच्या उमेदीवर चाललेली संस्था त्याच्याबरोबर संपते, हे आपल्याकडे इतके नेहमीचे आहे की त्यावर रागवायचेही राहून जाते.

रेषा धारदार होती हे ठरले, पण ती कोणाची हे कळायला १९२७ साल उजाडावे लागले. अमेरिकेत आयरा बोवेन यांनी दाखवले की नेब्युलियम असे काही नसते. ती रेषा ऑक्सिजनचीच, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. मेघाच्या गाभ्यातल्या तरुण, अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन उडतात. असा अणू धक्क्याने किंचित उत्तेजित झाला तर तो साठलेली ऊर्जा हिरवा प्रकाश म्हणून सोडू शकतो, पण त्याला सरासरी अर्ध्या मिनिटाच्या घरात वेळ लागतो. अणूंच्या जगात अर्धे मिनिट म्हणजे युगच. आपल्या हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये रेणूंची संख्या एकावर एकोणीस शून्यांच्या घरात असते; तिथे अणूला इतकी उसंत कोण देतो? तेवढ्यात अब्जावधी टकरा होऊन ती ऊर्जा निघून जाते. मृगातल्या मेघात घनसेंटिमीटरला काही हजार कण. तिथे तो निवांत बसू शकतो. म्हणून रोज श्वासात घेतो त्या ऑक्सिजनची ही रेषा प्रयोगशाळेत कोणाला दिसली नव्हती.

मग गुलाबी कुठून येतो? हायड्रोजनपासून. मेघात सर्वांत जास्त आहे तो हायड्रोजनच आणि त्याची ठळक रेषा गडद तांबडी, ६५६.३ नॅनोमीटरची. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. हायड्रोजनच्याच निळ्या-जांभळ्या रेषा तिच्यात मिसळल्या की गुलाबी होते. ऑक्सिजनची हिरवी रेषा ५००.७ ची. गाभ्यात, तप्त ताऱ्यांजवळ, ऑक्सिजनचा जोर, म्हणून तिथे हिरवट, बाहेर हायड्रोजन. आबांना मी बोललो होतो ते खोटे नव्हते. पण पट्टी पुढे ओढून मी जे केले होते ते खरेही नव्हते. आता मी रंगाचे प्रमाण कॅमेऱ्याने जे दिले तेवढ्याच्या आसपास ठेवतो. चित्र फिके दिसते. दिसू दे.

हे सगळे वाचून होईतो दुसरा हिवाळा आला आणि प्रकरण पुस्तकातून अंगणात परतले. झाले असे की नोव्हेंबरात आमच्या शिवारात बिबट्या आला. पारनेर, संगमनेर, अकोले, पलीकडे जुन्नर, या सगळ्या पट्ट्यात उसात बिबट्या असणे आता बातमी राहिलेली नाही. आबांच्या गोठ्यातून दोन शेळ्या गेल्या. त्यांनी गोठ्यावर उंच बांबू रोवून पांढराशुभ्र एलईडी दिवा लावला, रात्रभर चालू. त्याचा झोत थेट माझ्या खांबावर. तेजोमेघाची छायाचित्रे राखेसारखी पांढरी येऊ लागली. पण शेळ्या गेलेल्या माणसाला, नातवंडे अंगणात झोपणाऱ्या घराला, दिवा बंद करा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मी सांगितले नाही. महिनाभर दुर्बिणीवर गोणपाट टाकून ठेवले.

तोडगा त्या हिरव्या रेषेतच होता. एलईडीचा पांढरा प्रकाश जवळजवळ सर्व रंगांत पसरलेला असतो, ४०० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंत. (जुने पिवळे सोडियमचे दिवे परवडले, त्यांचा बहुतेक प्रकाश ५८९ च्या आसपासच असे.) तेजोमेघाचा प्रकाश मात्र नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहूनही अरुंद अशा मोजक्या रेषांत कोंबलेला. तेव्हा कॅमेऱ्यापुढे अशी काच बसवली की जी फक्त ५००.७ आणि ६५६.३ च्या भोवतीच्या सात-सात नॅनोमीटरच्या दोन फटी उघड्या ठेवते आणि बाकी सारे अडवते, तर दिव्याचा साधारण विसावा हिस्साच आत येतो आणि मेघाच्या त्या दोन्ही रेषा जवळपास पूर्ण. अशी काच मिळते, महाग मिळते. हिरवी रेषा लॉकियर म्हणत तशी विरत जाणारी पट्टी असती, तर ही काच अशी कामाची ठरली नसती. रेषा धारदार आहे, या पुण्याहून कळवलेल्या गोष्टीवर माझे अंगणातले काम चालते.

काचेने निम्मे काम झाले. उरलेले निम्मे पत्र्याने. एका रविवारी दुकानातल्या पत्र्याची टोपी करून आबांच्या दिव्यावर बसवली. वर आणि बाजूला उधळणारा उजेड खाली वळला, गोठ्यात पहिल्यापेक्षा लख्ख पडला. ते आबांनीच बोलून दाखवले.

तरी त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला दाखवून द्यायचे होते, सांगून नव्हे. त्यासाठी या मे महिन्यात कॅमेऱ्यापुढे एक जाळीदार काच बसवली. तिच्यावर मिलिमीटरला शंभर बारीक रेघा असतात आणि ती लोलकासारखेच रंग सुटे करते. दुर्बीण वळवली ती हगिन्स यांच्या कालेयातल्या मेघाकडे. तो मृगातल्या मेघासारखा ताऱ्यांचे जन्मस्थान नव्हे. संपत आलेल्या ताऱ्याने सोडलेला वायू आहे. पण हिरवी रेषा तीच, आणि आकाराने तो इतका लहान की त्याचे सुटे रंग एकमेकांवर चढत नाहीत. आमच्या इथून तो कधीच ४२ अंशांच्या वर येत नाही. मे महिन्यात रात्री दोन-अडीचला त्याची उत्तम वेळ. पाऊस तोंडावर, हवेत धूळ. तीन रात्री गेल्या, चौथ्या रात्री साधले.

छायाचित्रात आजूबाजूच्या प्रत्येक ताऱ्याशेजारी त्याची इंद्रधनुषी रेघ ओढली गेली होती, निळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग. मेघाशेजारी मात्र रेघ नव्हतीच. काळ्या जागेत सुटे ठिपके होते: एक ठसठशीत हिरवा, दूर एक तांबडा, निळ्याच्या बाजूला एक-दोन अंधुक. त्या चित्रात मी रंगाच्या कुठल्याही पट्टीला हात लावला नाही.

सकाळी छापील प्रत घेऊन आबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, ताऱ्यांच्या रेघांवरून बोट फिरवले, मग ठिपक्यांवर थांबले. “ह्यो बारका असून तुटक का?” मी सांगितले. हिरव्या ठिपक्यावर त्यांनी नखाने टिचकी मारून पाहिली, डाग आहे की काय म्हणून. मग कागद घडी न घालता कपाटावर ठेवला आणि म्हणाले, उसाच्या बांधाला आणखी एक दिवा लावायचा आहे, त्यालाही तशीच टोपी करून दे.